वाळत घातलेला सदरा

आबा,

तुम्ही गेलात त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं मनात आलं नाही, असं नाही. बसवत नव्हतं. आज सकाळी नात मोबाइल घेऊन माझ्या खुर्चीशी आली. गेल्या महिन्यात आम्ही सगळे मालवणला जाऊन आलो, तिथला एक फोटो तिला तिच्या मैत्रिणींना पाठवायचा होता. आम्ही सगळे ओळीने उभे आणि मागे कुणीतरी अनोळखी माणूस लुंगी सावरत चाललेला. तिने त्या माणसावरून बोट फिरवलं आणि तो गेला. तो होता तिथे समुद्र आला. "बघा आजोबा, कळतंय का इथे कुणी होतं ते?" मी म्हटलं, नाही कळत. ती खूश होऊन गेली. मी मात्र दुपारपर्यंत तसाच बसून राहिलो, जेवायला हाक आली तरी उठलो नाही. शेवटी हे कागद घेतले.

आपली मालवणच्या बाजारातली फोटो काढायची खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. मागच्या भिंतीवर तो रंगवलेला पडदा, त्यावर कुठल्या तरी राजवाड्याचा जिना आणि दोन मोर. पुढे ती एक खुर्ची, जिच्यावर अर्ध्या तालुक्यातले नवरदेव बसून गेले असतील. पण तुमचं खरं काम त्या खोलीत नव्हतं. ते गावोगावच्या घरांपुढच्या खळ्यांत होतं. ज्यांचे घोव मुंबईला, नाहीतर बोटींवर, त्या बायकांना लिहिता येत नव्हतं. पत्र लिहून घ्यायचं तर मास्तरांकडे नाहीतर पोस्टमनकडे जायचं, आणि मग नवऱ्याला कळायच्या आधी मनातलं गावाला कळायचं. म्हणून त्या तुम्हाला बोलावायच्या. तुम्ही कॅमेऱ्याची तिपाई मांडायच्या आधी खळ्यात बसून पाणी प्यायचात आणि विचारायचात, "काय गो, तेका काय सांगूचा आसा?" एकीला सांगायचं होतं की या गणपतीला तरी या. तिला तुम्ही रिकाम्या मखरापुढे आरतीचं ताट घेऊन उभं केलंत. एकीची सासू वारली होती आणि ते एकदम कळून नवरा परदेशात खचू नये असं तिला वाटत होतं. तुम्ही तिची मुलं पडवीत ओळीने बसवलीत आणि मधे म्हातारीची जागा तेवढी मोकळी ठेवलीत. असे तीन-चार फोटो एका पाकिटात. त्याला गावातले लोक फोटोचं पत्र म्हणायचे.

मला ते सगळं नाटक वाटायचं. हे तुम्हाला ठाऊक होतं, कारण मी ते तोंडावर बोललो होतो. मुंबईला एका स्टुडिओत चार वर्षं काम करून मी परत आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, छातीशी धरून वरून खाली बघायचा रोलचा कॅमेरा माझ्या गळ्यात होता आणि डोक्यात असं पक्कं बसलं होतं की फोटो मांडायचा नसतो, पकडायचा असतो. माणसं बेसावध असतात तेव्हाच खरी असतात. तुम्ही ऐकून घ्यायचात. एकदा फक्त म्हणालात, "फोटो गप रवणा नाय रे. तेच्यात ज्या ज्या आसा, ता सगळा बोलता. जा बोलाक नको, ता आधी भायर काडूचा." मी हसलो होतो. मुंबईत शिकून आलेला मुलगा बापाला जसा हसतो तसा.

मिठबावला आपण गेलो ते गोवा मोकळा व्हायच्या आदल्या वर्षी, मार्गशीर्षात. तिथल्या एका सुनेने निरोप पाठवला होता. तिचा नवरा बोटीवर खलाशी, दोन वर्षं घरी आलेला नाही. सासरे नाहीत, दीर नाही, घरात ती, सासू आणि तीन वर्षांची मुलगी. आचऱ्याची खाडी तरीतून ओलांडताना ओहोटी लागली होती. होडी काठाला लागेना, म्हणून आपण चिखलात उतरलो. तुमचा पाय सरकला. पडतानाही तुम्ही दोन्ही हातांनी कॅमेऱ्याची पेटी डोक्यावर धरून ठेवलीत, आणि छातीपासून खाली सगळे चिखलात बुडालात. पेटीवर एक थेंब उडाला नाही. मी मागे तिपाई घेऊन उभा होतो आणि मला हसू आवरेना. तुम्हीही हसलात.

त्या घरी पोचलो तर सासू दारातूनच ओरडली, "अरे देवा! काडा तो सदरो आधी. चिखल सुकलो की जाऊचो नाय मगे." तुम्ही नको नको म्हणत होतात. ती म्हणाली, "माझ्या भावासारखे तुमी. आमच्या खळ्यात कोण तुमका बघूक येता?" तिने सुनेला हाक मारली, सुनेने विहिरीवर सदरा धुऊन आणला आणि माडाला बांधलेल्या दोरीवर वाळत घातला. तुम्ही पंचा खांद्यावर ओढून पडवीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलात.

मग नेहमीचा प्रश्न. सून खांबाआड उभी राहून म्हणाली, "घर कौलांचा झाला म्हणान सांगा. आणि चेडू मोठा झाला म्हणान." नवऱ्याच्या पाठीमागे, एका पावसाळ्याआधी, तिने आणि सासूने मिळून माडाच्या झापांचं छप्पर उतरवून कौलं चढवून घेतली होती. ते त्याला दाखवायचं होतं. तुम्ही पंचा तसाच खांद्यावर ठेवून खळ्यात चार जागा बदलल्यात, दोरी चौकटीबाहेर राहील असा कोन धरलात आणि दारापुढे तिला आणि मुलीला उभं केलंत. वर नवी कौलं, खाली दोघी, मुलीचा हात आईच्या बोटात. तिचं अंग ताठ, ओठ मिटलेले. पेटीत एकामागून एक दोन काचा लागल्या, दोनदा भिंगाचं झाकण उघडलं, मिटलं. संपलं. मी बाजूला उभा राहून मनात म्हणतोय, दगडाचा फोटो काढला.

तुम्ही पेटी आवरायला पडवीत गेलात. ऊन कलतंय, माडांच्या सावल्या खळ्यावर लांब पडल्यात. ती सदरा वाळला का बघायला दोरीपाशी जाते आणि दोन्ही हात वर करून तो उलटा करते. एक बाही खाली लोंबते. मुलगी धावत येते, ती बाही दोन्ही हातांत धरते आणि कुणा मोठ्या माणसाशी हात मिळवावा तशी हलवते. आणि ती बाई हसते. आबा, मान मागे टाकून हसते, पदर खांद्यावरून जरा घसरलेला, तोंडावर ऊन, मागे ती तांबडी कौलं. माझ्या हातून कळ कधी दाबली गेली ते मला कळलंही नाही. सासू तिथेच तीन पावलांवर उभी होती, तीही हसत होती. ती माझ्या चौकटीत आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो धुऊन वाळवले. तुम्ही माझा फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिलात, बराच वेळ. मग म्हणालात, "ह्यो धाडू नको."

"का? काय वाईट आहे?"

"ह्याच्यात सदरो आसा. आणि त्या घरात पुरुसमाणूस नाय."

"तुमचाच आहे की तो."

"माका म्हायत आसा, तुका म्हायत आसा. थंय बोटीर कोणाक म्हायत आसा?"

मी म्हटलं, बरं. तुम्ही दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाकडे गेलात. पाकीट भरून मुंबईच्या बोट कंपनीच्या पत्त्यावर टाकायचं काम माझं होतं. मी तुमचे दोन फोटो आत घातले आणि वर माझा ठेवला. सर्वांत वर. विसरलो नव्हतो, घाई नव्हती, फोटो एकमेकांना चिकटले नव्हते. मला वाटत होतं, तो कुठल्या तरी बंदरात पाकीट उघडेल आणि आधी तुमचा तो ताठ फोटो बघेल, तर त्याला आपली बायको कशी दिसते ते कळणारच नाही. माझा बघितला तर कळेल. इतकंच नाही. तो कुणाला तरी विचारेल की हा कुणी काढला, असंही वाटत होतं. डिंक लावला, पाकीट बंद केलं, आणि शीळ घालत पोस्टात गेलो.

शिमग्याच्या आधी मिठबावहून माणूस आला. खलाशाने फोटो परत पाठवला होता, आपल्या मामाला, आणि सोबत चार ओळी: बायकोला तिच्या माहेरी पोचती करा. आपण दोघे गेलो. देवळाच्या मंडपात पाच-सहा जण बसले होते, दुपार होती, खालची जमीन नुसती भाजत होती. मामाच्या हातात माझा फोटो. कोपरे दुमडलेले, मधोमध घडी पडलेली. सून बाहेर पिंपळाखाली मुलीला कडेवर घेऊन उभी होती. तिला आत बोलावलं नव्हतं.

"ह्यो सदरो कोणाचो?" मामाने विचारलं.

"माझो," तुम्ही म्हणालात, आणि चिखलाची सगळी हकीकत सांगितलीत. सासू मागून ओरडत होती, "मी सांगलंय काडूक! माका इचारा! मी थंयच होतंय!" तिला कुणीतरी गप केलं.

"आणि ह्यो फोटो पाकिटात कोणी घातलो?"

मी तुमच्या उजव्या बाजूला उभा होतो. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. तुम्हीही बघितलं नाहीत. तुम्ही म्हणालात, "दुकान माझा, पाकीट माझा. मीच घातलंय. चुकान गेलो. चूक माझी आसा, तिची कायएक नाय."

तोवर 'तुमी' म्हणणारा मामा 'तू'वर आला. "दुसऱ्याच्या खळ्यात सदरो काडून बसतंस, आणि तेचो फोटो तिच्या घोवाक धाडतंस? ह्या वयात?" मागे कुणीतरी हसलं. तुम्ही मान खाली घातलीत. साठीला आलेला माणूस, सगळ्या किनाऱ्यावरच्या बायका ज्याच्यापुढे मन मोकळं करायच्या तो माणूस, आणि त्याचा मुलगा शेजारी. मला एक वाक्य बोलायचं होतं. जीभ टाळ्याला चिकटली, असं लोक म्हणतात. माझी चिकटली नव्हती. मी हिशेब करत होतो की आबांचं बहुतेक आयुष्य झालंय आणि माझं सुरू व्हायचंय. असा विचार मी त्या मंडपात उभा राहून केला. हे आजपर्यंत मी कागदावरसुद्धा आणलं नव्हतं.

परतताना तरीत तुम्ही एवढंच विचारलंत, "पाकीट तू बंद केललंस?"

"होय."

"बरा," तुम्ही म्हणालात. वल्ह्यांचा आवाज येत राहिला. पुढे घरापर्यंत, आणि पुढे सात वर्षं, त्याबद्दल तुम्ही मला काही विचारलं नाही. आईने विचारलं. बाजारात बायका तिला बघून बोलायच्या थांबत, देवळात तिच्या शेजारची जागा मोकळी राही. एक दिवस तिने चुलीपाशी बसून, माझ्याकडे न बघता विचारलं, "खरा काय ता सांग. ता पाकीट तेंनी भरलेला?" मी म्हटलं, मला काय ठाऊक. महिन्याभरात मी पुन्हा मुंबई गाठली.

त्या बाईला बांद्याजवळच्या तिच्या गावी नेऊन सोडलं. भात आणि काजू असलेलं शेतकऱ्याचं घर, भाऊ-भावजया, त्यात ती आणि मुलगी. तुम्हाला कुणी खळ्यात बोलवेना. खोलीत नवरदेव बसायचे तेही कमी झाले, मग तुम्ही खोली सोडलीत. आई पत्रातून हे कळवायची, दोन ओळीत. मी उत्तरात मुंबईची हवा कळवायचो.

बाकीचं मला तुम्ही गेल्यावर कळलं. तुमच्या बाराव्याला ती आली होती, मुलीला घेऊन. मुलगी अकरा वर्षांची, दोन वेण्या घातलेली. मी ओळखलं नाही. ती मागच्या दाराने आईपाशी गेली, रडली, आणि मग माझ्याकडे आली. ती उभ्या उभ्या सांगत होती आणि मी हातात पाण्याचा तांब्या धरून ऐकत होतो. तुम्ही दर वर्षी दिवाळी झाली की बांद्याला जायचात. एसटीने, ती जुनी पेटी घेऊन. घरच्यांनी पहिल्या वर्षी तुम्हाला अंगणाबाहेरच थांबवलं. तुम्ही म्हणालात, आत येऊचा नाय माका, चेडवाक भायर धाडा. तिथे एका काजूच्या झाडाला टेकवून तुम्ही मुलीचा फोटो घेतलात. फक्त मुलीचा. "माका म्हणाले, तुया लांब रव बाय, तुझी सावलीसुदा नको ह्याच्यात," ती म्हणाली. एकच फोटो, एकच पाकीट, आत चिठ्ठी नाही. पुढच्या वर्षी तेच झाड, तीच मुलगी, वीतभर उंच. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. बोटीवरून कधी उत्तर आलं नाही. भावांनी नंतर तुम्हाला अंगणात घेतलं, मग चहा द्यायला लागले.

पाचव्या वर्षी मुलगी शाळेत जात होती. तुम्ही तिच्या हातात पाटी दिलीत आणि सांगितलंत, तुझा नाव लिही, आख्खा. तिने लिहिलं: आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव. ती पाटी छातीशी धरून ती झाडाला टेकली आणि तुम्ही झाकण उघडलंत. आबा, फोटोत अक्षरं घेतलेली तुम्हाला कधी खपली नाहीत. मजकूर लिहायचा तर फोटो कशाला, म्हणायचात.

पुढच्या उन्हाळ्यात तिचा नवरा आला. आधी मिठबावला गेला, तिथे म्हातारी अंथरुणाला खिळलेली होती. तिने काय सांगितलं ते ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी तो बांद्याला गेला, मुलीला घेऊन अंगणात बराच वेळ बसला आणि मग म्हणाला, चला. "नेल्यान आमका," ती म्हणाली. "बरो आसा. वायट वागणा नाय." मग मुलीकडे बघत म्हणाली, "फोटो मात्र मी काडून घेणंय नाय. चेडवाच्या लग्नातसुदा घेवचंय नाय."

जाताना ती म्हणाली, "तुमच्या बापाशीन एक चूक केल्यानी, आणि ती सगळ्या जल्माक पुरवन निस्तरल्यानी. मी तेंका कधी बोल लावलंय नाय. चुकान पडलो फोटो पाकिटात, तेंच्या तोंडानच माका सांगलेले."

घरात माणसं होती, पानं वाढायची तयारी चालली होती, पण मागच्या दारी आम्ही दोघंच होतो. मुलगी विहिरीकडे गेली होती. तुमची भीती नव्हती आता, मामा नव्हता, मंडप नव्हता. ती माझ्याकडे सरळ बघत उभी होती. मी म्हटलं, "होय, आबांना फार लागलं होतं ते." एवढंच म्हटलं. तिने मान हलवली, मुलीला हाक मारली आणि दोघी एसटी गाठायला निघाल्या.

त्यानंतर मी चाळीस वर्षं फोटो काढले. नाव झालं असं नाही, पण पोट भरलं आणि मुलं शिकली. लग्नं, बारशी, कंपन्यांची यंत्रं. कुणी म्हणे, तुमच्या फोटोत माणसं जरा ताठ दिसतात. मी हसून सोडून द्यायचो. ती कदाचित अजून मिठबावला असेल, नव्वदीच्या आसपास. आचऱ्याला आता पूल आहे. गेल्या महिन्यात मालवणला होतो तेव्हा मुलगा म्हणाला, बाबा, गाडी आहेच, कुठे जायचंय का आणखी? मी म्हटलं, नको, गुडघे दुखतात. दुखतात हे खरं आहे. तेवढे दुखत नव्हते.

हे कागद कुठे धाडायचे नाहीत, आणि घरात कुणाला दाखवायचेही नाहीत. लिहायला घेतलं तेव्हा शेवट मनात ठरवून ठेवला होता. ती दुपार पुन्हा आली, तर मी कॅमेऱ्याला हात लावणार नाही, असं तुम्हाला लिहायचं होतं. बराच वेळ झाला, ते वाक्य काही लिहवत नाही. ऊन तसं पडलं असतं आणि ती तशी हसली असती, तर मी तो फोटो काढला असता, आबा. पाकिटात घातला नसता, एवढंच लिहू शकतो. आणि तेवढं लिहितानाही हात जरा थांबला.